फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे बिऱ्हाड

मंडईत मेथीची जुडी घेतली की ओळखीची भाजीवाली वर चार काड्या कोथिंबीर टाकते. ती आपण मागितलेली नसते, परंतु पिशवीत पडताना दिसते, आणि नको असेल तर "राहू द्या मावशी" असे म्हणता येते. हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार शेतकरी वाचकांच्या अधिक परिचयाचा आहे. खताच्या दुकानी युरियाचे पोते मागावे, तर पुष्कळदा त्याबरोबर नको असलेली एखादी बाटली किंवा पिशवी गळ्यात मारली जाते. ती घेतली नाही तर युरिया संपल्याचे उत्तर मिळते. बाजारात याला ‘लिंकिंग’ असे नाव पडले आहे. हा जुलूम खरा, पण तो उघड आहे. आपण चिडतो, भांडतो, वेळप्रसंगी तक्रारही करतो.

आज ज्याची हकीकत सांगावयाची आहे तो तिसरा प्रकार. यात वस्तू फुकट मिळते, बरोबरची वस्तूही फुकटच मिळते, ती पिशवीत केव्हा पडली हे दिसत नाही, आणि विचारावयास गेले तर उत्तर येते, "आपणच तर हो म्हणालात!" संगणकावर फुकटचे सॉफ्टवेअर उतरवून घेताना हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. सारी आळी त्यांना गुरुजी म्हणते. आपल्या शाळेच्या आठवणी लिहून काढाव्यात असे त्यांच्या मनाने घेतले. घरात संगणक होताच. मराठी अक्षरे उमटावीत म्हणून त्यांनी ‘फुकट मराठी टायपिंग’ असा शोध घेतला, जो पहिला दुवा दिसला तो उघडला, आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करीत सॉफ्टवेअर बसविले. दुसऱ्या दिवशी सकाळीच हाक आली, "अहो, जरा येता का? या यंत्राला काहीतरी झालंय बघा." जाऊन पाहतो तो ब्राउझरच्या माथ्यावर दोन अनोळखी पट्ट्या येऊन बसलेल्या, नेहमीचे शोधाचे पान नाहीसे झालेले, आणि कोपऱ्यातून घटकेघटकेला एक चौकट वर येऊन सांगत होती की, आपल्या संगणकात शेकडो दोष आहेत, पैसे भरा म्हणजे ते दूर करू. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. त्याच यंत्रावरून गुरुजींच्या सूनबाई बँकेचे व्यवहार करीत असल्याने घरात चिंतेचे वातावरण होते. गुरुजींना मात्र दुसरेच लागले होते. ते म्हणाले, "चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, वाचल्याशिवाय कशाखाली सही करू नका. आणि मीच..." पुढे ते बोलले नाहीत.

मी म्हटलं, "गुरुजी, यात तुमची चूक रुपयात चार आणे. उरलेले बारा आणे कोणाकोणाचे, ते ऐका." त्या दिवशी त्यांना जे सांगितले तेच येथे थोडे नीट लावून लिहितो.

या साऱ्याचा आरंभ अगदी निर्मळ होता. १९८२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अँड्र्यू फ्लूगेलमन या गृहस्थाने ‘पीसी-टॉक’ नावाचे सॉफ्टवेअर लिहिले. टेलिफोनच्या तारेवरून दोन संगणकांची गाठ घालून देणे हे त्याचे काम. त्याच सुमारास वॉशिंग्टन राज्यातील जिम नॉफ याने याद्या व नोंदी ठेवण्यासाठी ‘पीसी-फाइल’ तयार केले. दोघांनाही एकच युक्ती सुचली. दुकान नको, जाहिरात नको; फ्लॉपीची नक्कल करून लोकांनी ती आपल्या मित्रांना खुशाल द्यावी, आणि ज्याला उपयोग वाटेल त्याने थोडे डॉलर टपालाने पाठवावेत. फ्लूगेलमनने या पद्धतीला ‘फ्रीवेअर’ म्हटले. पुढे मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या बॉब वॉलेस याने १९८३ मध्ये ‘पीसी-राइट’ काढले, आणि ‘शेअरवेअर’ हा शब्द रूढ झाला.

या व्यवहारातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. करणारा माणूस आपले नाव-गाव सांगून, दारात उभा राहून पैसे मागत होता. देणारा देई, न देणारा न देई. न देणाऱ्याच्या मौनाचा अर्थ ‘याने दिले नाहीत’ एवढाच घेतला जाई. ‘याने आपल्या घराची किल्ली दिली’ असा अर्थ कोणी काढीत नसे. शिवाय फ्लॉपी हातोहात फिरे, म्हणजे ती कोणाकडून आली हे घेणाऱ्याला ठाऊक असे.

इंटरनेट आले आणि ही ओळखदेख संपली. १९९६ साली ‘डाऊनलोड डॉट कॉम’ हे संकेतस्थळ सुरू झाले. अशा कोठारांत हजारो सॉफ्टवेअर एका ठिकाणी मिळू लागली. सोय मोठी झाली. पण देणारा अनोळखी, घेणारा अनोळखी, आणि टपालाने पैसे पाठविण्याची रीत मागे पडत चाललेली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने खावे काय? उत्तर तयार होते: जाहिरात. आणि जाहिरात आपल्या पडद्यावर दाखवावयाची तर ती दाखविणारा एक नोकर आपल्याच यंत्रात बसविला पाहिजे. तेव्हा फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर हा नोकर गुपचूप पाठविण्याची प्रथा पडली. याच मालाला ‘अ‍ॅडवेअर’ असे नाव मिळाले.

‘गेटर’चे उदाहरण घ्या. इंग्रजीत गेटर म्हणजे मगरीच्या जातीचा प्राणी. नाव सार्थ होते असेच म्हणावे लागेल. संकेतशब्द लक्षात ठेवणे, अर्ज भरून देणे ही त्याची वरकरणी कामे. आतून मात्र आपण कोणती पाने पाहतो यावर त्याची नजर असे आणि दुसऱ्यांच्या पानांवर ते आपल्या जाहिराती उभ्या करी. न्यू यॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट यांसारख्या वृत्तपत्रांच्या प्रकाशकांनी २००२ साली त्याविरुद्ध दावा लावला; पुढल्या वर्षी तो तडजोडीने मिटला, आणि त्याच वर्षी कंपनीने आपले नावच बदलून ‘क्लॅरिया’ असे केले.

त्याच काळात गाणी व चित्रपट यांच्या देवघेवीसाठी ‘काझा’ हे सॉफ्टवेअर जगभर घरोघर पोचले होते. एप्रिल २००२ मध्ये असे उघडकीस आले की, त्याच्या पोटात दुसऱ्या एका कंपनीचे सॉफ्टवेअर लोकांच्या नकळत बसविले गेले आहे. पुढेमागे लाखो घरांतील संगणक जोडून त्यांचे एक नवे जाळे उभारण्याचा त्या कंपनीचा बेत होता. ‘नकळत’ हा शब्द मी वापरला खरा, पण कंपनीला तो मान्य झाला नसता. कारण आपल्या संगणकाची शक्ती व जागा वापरण्याची मुभा देणारे कलम करारात होते, आणि करारावर ‘मान्य’ असे प्रत्येकाने म्हटले होते.

आता हे करार वाचतो कोण? अमेरिकेतील ‘पीसी पिटस्टॉप’ या कंपनीने याची एक गमतीदार परीक्षा घेतली होती. आपल्या करारात तिने एक ओळ घालून ठेवली की, हे वाचून जो अमुक पत्त्यावर लिहील त्याला बक्षीस मिळेल. तीन हजारांहून अधिक लोकांनी ते सॉफ्टवेअर उतरवून घेतले, चार महिने लोटले, तेव्हा कोठे एका माणसाचे पत्र आले. त्याला एक हजार डॉलर मिळाले. उरलेल्यांनी मान्य म्हटले होते, पण काय मान्य केले ते पाहिले नव्हते.

‘मौनं संमतिलक्षणम्’ असे आपण लग्नकार्यापासून सभासंमेलनापर्यंत सहज म्हणून जातो. फुकटच्या सॉफ्टवेअरचा हा सारा धंदा याच वचनाच्या आधाराने फोफावला. आणि या मौनाला चक्क बाजारभाव आला.

तो कसा, ते पाहू. २००५ नंतरच्या काळात ‘टूलबार’, म्हणजे ब्राउझरच्या माथ्यावर बसणारी पट्टी, हे या धंद्याचे मुख्य हत्यार झाले. वरून ती निरुपद्रवी दिसते. पण आपण काही शोधले की तो शोध आपल्या नेहमीच्या ठिकाणी न जाता पट्टीच्या मालकाकडे जातो. तेथील जाहिरातींवर क्लिक झाले की मालकाला पैसे मिळतात. आणि ज्याने ती पट्टी आपल्या घरात आणून बसविली त्याला दर डोई दलाली पोचते. गूगल व न्यू यॉर्क विद्यापीठ येथील संशोधकांनी २०१६ साली या दलालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की, एका बसवणुकीसाठी दहा सेंटपासून दीड डॉलरपर्यंत भाव होता. आणि गूगलच्या इशारा देणाऱ्या यंत्रणेला अशा नकोशा सॉफ्टवेअरबद्दल आठवड्याला सहा कोटींहून अधिक इशारे द्यावे लागत होते, म्हणजे उघडउघड घातक सॉफ्टवेअरबद्दलच्या इशाऱ्यांच्या तिप्पट! गुरुजींच्या एका ‘नेक्स्ट’ची किंमत कुणाला तरी अशी मिळाली असणार.

हे काम फक्त चोरवाटेवरचे लोकच करीत होते असे मात्र समजू नका. ‘जावा’चे उदाहरण आहे. जावा हे नामांकित सॉफ्टवेअर, आधी सन कंपनीचे आणि २०१० पासून ओरॅकलचे. आपल्याकडेही सरकारी ई-निविदा भरताना डिजिटल सहीसाठी ते लागत असे. २०१२-१३ च्या सुमारास जावात सुरक्षेच्या दृष्टीने गंभीर भगदाडे सापडली. जानेवारी २०१३ मध्ये तर अमेरिकी सरकारच्या सुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला. म्हणजे नवी दुरुस्त आवृत्ती बसविणे हे प्रत्येकाचे कर्तव्यच होते. आणि ती दुरुस्ती बसविताना मध्येच एक पान येई. त्यावर ‘आस्क’ टूलबारपुढे बरोबरची खूण आधीच केलेली! खूण आपण काढली नाही तर पट्टी आत आलीच. त्यातही कळस असा की, ही पट्टी लगेच बसत नसे. ती सुमारे दहा मिनिटे दबा धरून राही व मग बसे, ही गोष्ट त्याच महिन्यात एका पत्रकाराने दाखवून दिली. तेवढ्या वेळात माणूस दुसऱ्या कामाला लागलेला. चूक लक्षात येऊन तो ती काढावयास गेला, तर काढावयास अजून काही आलेलेच नसे.

वाचकहो, यातला खरा तोटा पट्टीचा नाही. कुलूप दुरुस्त करावयास बोलावलेला माणूस दर वेळी घरात एक पाहुणा सोडून जाऊ लागला, तर पुढल्या वेळी आपण त्याला बोलावणारच नाही. आणि कुलूप मोडकेच राहील. दुरुस्ती नको म्हणून तशीच ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. मग त्या भगदाडातून जे शिरते ते पट्टीपेक्षा शतपटीने वाईट असते.

दुसरा तोटा झाला तो निरपेक्षपणे सॉफ्टवेअर देणाऱ्यांचा. २०११ मध्ये डाऊनलोड डॉट कॉमने एक नवी रीत काढली. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरभोवती आपले वेष्टन गुंडाळावयाचे, आणि त्या वेष्टनातून टूलबार वाटावयाचे. संगणकांच्या जाळ्याची तपासणी करणारे ‘एनमॅप’ हे सॉफ्टवेअर गॉर्डन लायन यांनी वर्षानुवर्षे खपून लोकांना मोकळे दिलेले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या ध्यानात आले की, आपल्या नावावर लोकांच्या घरात भलतेच काही शिरते आहे. त्यांनी जाहीर ओरड केली, तेव्हा त्या संकेतस्थळाने दिलगिरी व्यक्त केली. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशातला हा प्रकार. फरक इतकाच की येथे दळणारा डोळस निघाला.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट ‘सोर्सफोर्ज’ची. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे ते एके काळी माहेरघर होते. तेथे २०१३ साली सॉफ्टवेअरबरोबर जाहिरातींचा माल वाटण्याची योजना निघाली. चित्रे सुधारण्याचे ‘गिंप’ हे सॉफ्टवेअर करणाऱ्या मंडळींनी त्याच वर्षी नोव्हेंबरात तेथून मुक्काम हलविला. परंतु त्यांनी सोडलेल्या जागेचा ताबा पुढे संकेतस्थळानेच घेतला आणि २०१५ मध्ये त्याच नावाखाली वेष्टन घातलेला माल वाटला. घर सोडून गेलेल्या माणसाची पाटी दारावर तशीच ठेवून आत दुसरेच दुकान थाटावे, तसे झाले. गवगवा होताच तो प्रकार थांबला. २०१६ च्या आरंभी संकेतस्थळाचे मालक बदलले, आणि नव्यांनी ती योजनाच बंद केली. हेही नमूद केले पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, फुकट द्यावयाचे तर दुसरा मार्गच कोणता? मार्ग आहे. चित्रपट पाहण्याचे ‘व्हीएलसी’ आपल्यापैकी पुष्कळांच्या संगणकावर असेल. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका अभियांत्रिकी शाळेतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते जन्मले आणि २००१ पासून ते सर्वांना मोकळे आहे. त्याबरोबर टूलबार वा जाहिराती देण्यासाठी आपल्याला कोट्यवधी युरोंची आमिषे आली व ती आपण नाकारली, असे त्याचे प्रमुख ज्याँ-बातिस्त केंफ यांनी सांगितले आहे. तेथे आजही देणगी उघडपणे मागितली जाते. फ्लूगेलमन आणि नॉफ यांची रीत बुडालेली नाही, ती अशी.

बरोबर येणारे बिऱ्हाड किती घातक ठरू शकते, याची परिसीमा एका वेगळ्या प्रकरणात दिसली. तेथे फुकटाचा प्रश्नच नव्हता. लोकांनी रोख पैसे मोजून नवे संगणक घेतले होते. लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपांत २०१४ मध्ये ‘सुपरफिश’ नावाचे जाहिरातींचे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच घालून दिलेले होते. बँकेच्या पानावर जे कुलपाचे चिन्ह असते, त्यामागच्या सुरक्षित संभाषणातसुद्धा ते मध्ये शिरत असे. त्यासाठी त्याने संगणकात आपलाच एक बनावट दाखला ठेवला होता, आणि तो सर्व यंत्रांत सारखाच होता. एकाची किल्ली सापडली की सर्वांची कुलपे उघडली! फेब्रुवारी २०१५ मध्ये हे जगजाहीर झाले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी कंपनीची तडजोड झाली. गुरुजींच्या सूनबाईंना वाटलेली भीती अगदीच पोकळ नव्हती, हे यावरून ध्यानी येईल.

कायदा या सर्वाच्या मागून, पण येत गेला. २००६ मध्ये ‘झँगो’ या अ‍ॅडवेअर कंपनीला याच कमिशनशी झालेल्या तडजोडीत तीस लाख डॉलर द्यावे लागले, आणि लोकांची स्पष्ट संमती घेतल्यावाचून काही बसविणार नाही असे कबूल करावे लागले. युरोपात १ ऑक्टोबर २०१९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ‘प्लॅनेट ४९’ या खटल्यात निर्णय दिला की, आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. तो खटला ब्राउझरमध्ये ठेवल्या जाणाऱ्या ‘कुकी’ नोंदींबद्दलचा. पण तत्त्व व्यापक आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला चकविणारी मांडणी, यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत. नको ते बटण ठळक व हवे ते अंधुक करणे, एका वस्तूसाठी असंबद्ध दुसरी गोष्ट करावयास भाग पाडणे, संगणकाला विषाणू लागल्याची खोटी भीती घालून पैसे काढणे, हे त्यांतलेच. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातही संमती ही स्पष्ट होकारार्थी कृतीने दिलेली असावी, असे म्हटले आहे. तात्पर्य काय, तर ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन संगणकाच्या पडद्यावर चालणार नाही, एवढे कायद्याने आता मान्य केले आहे.

तरीसुद्धा रखवालदार नेमला म्हणून कोणी दार उघडे टाकून झोपत नाही. तेव्हा आपण काय करावे, तेही सांगतो.

पहिली गोष्ट, वस्तू करणाऱ्याच्या घरूनच घ्यावी. शोध घेतल्यावर जे पहिले नाव वर येते ते पुष्कळदा जाहिरातीचे असते. तेथे ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते. ते सोडून मूळ संस्थेचा पत्ता शोधावा. त्या पानावरही ‘डाऊनलोड’ लिहिलेली मोठमोठी रंगीत बटणे दिसली तर थबकावे. जाहिरातीचे बटण खऱ्या बटणापेक्षा बहुधा अधिक सजलेले असते. आणि मुळात एक प्रश्न स्वतःला विचारावा, बरं का: हे सॉफ्टवेअर मला खरोखर हवे आहे, की ते माझ्या संगणकात आधीच आहे?

दुसरी गोष्ट, बसविताना घाई करू नये. मार्ग दोन विचारले जातात: ‘एक्स्प्रेस’ आणि ‘कस्टम’. एक्स्प्रेसच्या पुढे ‘शिफारस केलेला’ असे लिहिलेले असते. शिफारस कोणाच्या हिताची, हे लिहिलेले नसते. आपण कस्टम घ्यावे. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. मग प्रत्येक पान वाचावे. आधीच केलेली खूण दिसली की ती काढावी. ‘मी मान्य करतो’ असे दुसऱ्यांदा विचारले गेले तर हा करार कोणाचा, ते नाव पाहावे. दुसरा करार बहुधा बरोबरच्या बिऱ्हाडाचा असतो. तेथे ‘डिक्लाइन’ म्हणजे नाकारतो, किंवा ‘स्किप’ म्हणजे वगळा, हे बटण दाबावे. पुष्कळांना वाटते की, नाकारले तर हवे असलेले सॉफ्टवेअरच मिळणार नाही. तसे सहसा होत नाही. नाकारला जातो तो फक्त पाहुणा. आणि नाकारूनही तो गळ्यात पडत असेल, तर ती सारी बसवणूकच तेथे रद्द करावी.

तिसरी गोष्ट, यंत्राची मदत घ्यावी. विंडोज १० व ११ मध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’ असा विभाग आहे. त्यातील ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’मध्ये नकोसे सॉफ्टवेअर अडविण्याची सोय आहे, ती चालू आहे ना, ते पाहावे. ‘निनाइट’ नावाची एक सेवा नेहमीची फुकट सॉफ्टवेअर बसवून देते व वाटेतले सारे नकोसे प्रस्ताव आपल्या वतीने नाकारते. ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी त्याच्या अधिकृत कोठारातूनच घ्यावे.

आणि बिऱ्हाड आलेच असेल, तर? घाबरून त्या चौकटीला पैसे मात्र भरू नयेत. सेटिंग्जमध्ये बसविलेल्या सॉफ्टवेअरची यादी तारखेप्रमाणे लावावी, म्हणजे एकाच दिवशी कोण कोण आले ते कळते. अनोळखी नावे काढून टाकावीत. नंतर ब्राउझरची ‘एक्स्टेन्शन्स’ म्हणजे जोडलेली पुरवणी पाहून तीही काढावी, शोधाचे पान पूर्ववत करावे, आणि संगणकाची पूर्ण तपासणी करून घ्यावी. बँकेचा संकेतशब्द दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावा. फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकाला ताबडतोब कळवावे. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गुरुजींच्या संगणकावर आम्ही हे सारे एका संध्याकाळी केले. आलेली चार बिऱ्हाडे बाहेर काढली. शेवटी मी त्यांना एक गोष्ट दाखविली, ती पाहून ते कपाळावर हात मारून हसले. २०१९ पासून विंडोजमध्येच मराठीचा उच्चारानुसारी कळफलक आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा जोडली की झाले; ‘namaskar’ च्या कळा दाबाव्यात तसतशी ‘नमस्कार’ची अक्षरे उमटतात. बाहेरून काही आणावयाची गरजच नव्हती.

"म्हणजे माझे चार आणेच ना?" त्यांनी विचारले.

"चार आणेच," मी म्हटले. "पण तेवढे तुमच्या हातातले आहेत. बारा आण्यांसाठी कायदा आहे, त्याला वेळ लागतो."

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. छपाईयंत्र जोडण्यासाठी त्याचे सॉफ्टवेअर बसविणे चालले होते. नातू शेजारी उभा राहून "आजोबा, नेक्स्ट दाबा ना!" म्हणून घाई करीत होता. गुरुजींनी चष्मा सावरला, पडद्यावर बोट ठेवले आणि वर्गात म्हणत असत त्या आवाजात म्हणाले, "थांब. अजून वाचून व्हायचंय."